न बोलले जाणारे दुखणे : मलावरोध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

स्मरणिकेत धम्म, चळवळ, शिक्षण आणि संस्थेचे वार्षिक कार्य या विषयांवरचे लेख वाचण्याची आपल्या सभासदांना सवय आहे. त्यांत शौचाच्या तक्रारीवरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल, काहींना संकोचही वाटेल. तरीही आम्ही हा विषय जाणीवपूर्वक निवडला आहे. ज्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलता येत नाही, ते दुखणे माणूस वर्षानुवर्षे एकट्यानेच सोसत राहतो. घरच्यांना सांगत नाही. दुकानातून चूर्णाची बाटली आणतो. डॉक्टरांकडे गेलाच, तर ‘पोट साफ होत नाही’ एवढेच सांगतो आणि खरी अडचण मनातच ठेवतो.

वस्तुतः या संकोचाला आपल्या धम्मात आधार नाही. सतिपट्ठान सुत्तात साधकाने कोणकोणत्या वेळी सजग असावे हे सांगताना चालणे, बसणे, खाणेपिणे यांच्याच ओळीत मलमूत्रविसर्जनाचाही उल्लेख आहे. शरीराच्या घटकांची यादी देतानाही मलाला वगळलेले नाही. शरीर जसे आहे तसे पाहावे, लाजू नये आणि भुलूही नये, ही तथागतांची दृष्टी आहे. त्याच दृष्टीने आपण या विषयाकडे पाहू.

आम्हांस सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : बद्धकोष्ठतेच्या सर्वच रुग्णांचे आतडे सुस्त नसते. कित्येकांच्या बाबतीत मल वेळेवर दारापर्यंत येतो, पण दार उघडत नाही. ते दार मिटणारे स्नायू सैल व्हायच्या वेळी उलट आवळले जातात. ही बहुधा स्नायूंना लागलेली चुकीची सवय असते आणि योग्य शिकवणीने ती सुटू शकते. जुलाबाच्या औषधाने मात्र ती सुटत नाही.

मलावरोधाचे दोन प्रकार

मोठे आतडे अन्नाच्या चोथ्यातील पाणी शोषून घेते आणि उरलेला मल हळूहळू पुढे सरकवते. ही सरकवण्याची गती मंद झाली, की मल आतड्यातच रेंगाळतो, कोरडा पडतो आणि त्याचे खडे होतात. तीन-तीन, चार-चार दिवस शौचाची भावनाच होत नाही. हा पहिला प्रकार होय. चोथायुक्त आहार, पाणी, हालचाल आणि रेचके यांचा भर असतो तो मुख्यतः यावर.

दुसऱ्या प्रकारात आतड्याची गती ठीक असते. समजा, एक भगिनी रोज सकाळी शौचास जाते. भावना होते, परंतु बसल्यावर काही होत नाही. ती अर्धा-अर्धा तास कुंथते. थोडेसे होते, पण आत काही शिल्लक आहे असे वाटतच राहते. तासाभराने ती पुन्हा जाते. मल मऊ असला तरी हाच प्रकार. कधीकधी बोट लावून मल काढावा लागतो, आणि ही गोष्ट ती नवऱ्यालाही सांगत नाही. तिला कुणी इसबगोल देते, कुणी एरंडेल, कुणी सोनामुखी. पोट फुगते, कळा येतात, क्वचित जुलाबही होतात. पण दाराशी अडलेले अडलेलेच राहते.

अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. जुनाट बद्धकोष्ठतेसाठी मोठ्या रुग्णालयांत तपासणीला पाठवलेल्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांशांमध्ये स्नायूंचा हा दोष आढळतो, असा तज्ज्ञांचा अनुभव आहे. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्रही असतात.

दार कसे बांधलेले आहे

हे समजण्यासाठी ओटीपोटाच्या तळाची रचना पाहिली पाहिजे. आपण बसतो तेव्हा दोन मांड्यांच्या मधोमध, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत, आतल्या बाजूला स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. झोळी जशी वजन तोलून धरते, तसा हा पडदा मूत्राशय, स्त्रियांमधील गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार देतो. त्याला ओटीपोटाचा तळ किंवा श्रोणितल म्हणतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग या पडद्यातूनच बाहेर पडतात.

या पडद्यातील एका स्नायूचे काम विशेष महत्त्वाचे आहे. त्याचे नाव प्यूबोरेक्टॅलिस. गोफणीची दोन टोके हातात धरून तिचा वाक मागे सोडावा, तशी या स्नायूची दोन्ही टोके पुढे जघनास्थीला बांधलेली असून त्याचा वाक मलाशयाच्या खालच्या टोकाला मागून वेढा घालतो. हा स्नायू आवळलेला असतो तेव्हा मलाशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये सुमारे ९० अंशांचा कोन तयार होतो. पाण्याची रबरी नळी दुमडली की धार थांबते, तसाच हा प्रकार. दिवसभर आपण चालतो, खोकतो, ओझे उचलतो, तरी शौच होत नाही, याचे एक मोठे कारण हा कोन आहे.

गोफणीच्या खाली गुदमार्गाभोवती आणखी दोन वेढे आहेत. आतला वेढा आपल्या इच्छेवर चालत नाही. तो रात्रंदिवस, झोपेतही मिटलेला असतो आणि विश्रांतीच्या वेळचा बहुतांश दाब त्याचाच असतो. बाहेरचा वेढा मात्र हाताच्या मुठीप्रमाणे आपल्या इच्छेने आवळता व सोडता येतो. गोफणीचा स्नायूही बव्हंशी आपल्या ताब्यात असतो. विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा उपचार यावरच उभा आहे. जे स्नायू इच्छेने चालतात, त्यांनाच शिकवता येते.

शौचाच्या वेळी काय घडते

सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्यात जोराच्या लाटा उठतात. त्या मलाला मलाशयात ढकलतात. मलाशय ताणले गेले, की आतला वेढा आपोआप सैल होतो आणि शौचाची जाणीव होते. मुंबईच्या बोलीत ‘प्रेशर येते’. जागा किंवा वेळ सोयीची नसेल, तर आपण बाहेरचा वेढा व गोफण आवळून धरतो, आणि थोड्या वेळाने ती भावना ओसरते.

जागा मिळाली, की याच्या उलट क्रिया व्हावयास हवी. श्वासपटल खाली येते, पोटाच्या भिंती घट्ट होतात आणि वरून दाब पडतो. त्याच क्षणी गोफण सैल पडते, कोन उलगडून मार्ग सरळ होतो, बाहेरचा वेढा उघडतो आणि सगळा पडदा थोडा खाली झुकतो. वरून दाब आणि खालून मोकळीक, या दोन गोष्टी एकाच वेळी जमल्या तर शौचास फार जोर लागत नाही. शौच झाल्यावर पडदा पुन्हा वर उचलला जातो आणि दार मिटते. म्हणजे शौच हा निव्वळ जोराचा खेळ नाही. त्यात पोटाचे आणि तळाचे स्नायू यांची जुळणी लागते.

जुळणी बिघडते तेव्हा

काही माणसांत ही जुळणी बिघडते. ती वरून कुंथतात, पण त्याच क्षणी खाली दार आवळतात. आपण काय करीत आहोत हे त्यांना स्वतःला कळत नाही. जितके जास्त कुंथावे, तितके दार घट्ट. एका हाताने दार ढकलावे आणि दुसऱ्या हाताने कडी लावावी, अशी ही गत.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील प्रेस्टन आणि लेनर्ड-जोन्स या डॉक्टरांनी १९८५ साली या दोषाचे वर्णन करून त्यास ‘अ‍ॅनिस्मस’ असे नाव दिले. पुढे ‘डिससिनर्जिया’, म्हणजे स्नायूंच्या जुळणीतील बिघाड, हा शब्द रूढ झाला. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे तज्ज्ञ डॉ. सतीश राव यांनी या बिघाडाचे चार प्रकार मांडले. काहींचा वरचा जोर ठीक असतो, पण दार आवळले जाते. काहींचा जोरही अपुरा आणि दारही आवळलेले. काहींचा जोर ठीक, पण दार पुरेसे सैल होत नाही. आणि काहींत जोर अपुरा व दारही अर्धवट सैल. हा भेद उपयोगाचा आहे, कारण कोणाला सोडायला शिकवायचे आणि कोणाला जोर लावायलाही शिकवायचे, हे त्यावरून ठरते.

मात्र दाराशी अडण्याचे कारण दर वेळी स्नायूंची सवय हेच नसते. प्रसूतीनंतर किंवा वाढत्या वयात मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगते आणि मल त्या पिशवीत अडकतो. मलाशयाचा आतला थर घडी पडून आतल्या आत घसरतो. काही वेळा मलाशय बाहेरही येते. वर्षानुवर्षे कुंथल्याने तळाचा पडदाच ढिला पडून खाली लोंबतो. पार्किन्सन्सच्या आजारात हे स्नायू ताठर राहू शकतात. लहान मुलांत जन्मतःच आतड्याच्या खालच्या भागातील चेतापेशी नसण्याचा हर्षस्प्रुंगचा आजारही असू शकतो. म्हणून घरबसल्या निदान करू नये.

सवय कशी लागते

पुष्कळांच्या बाबतीत मूळ सापडत नाही. ज्यांच्या बाबतीत सापडते, त्यांत वेदना आणि भीती वारंवार दिसतात. फिशर होते, म्हणजे गुदद्वाराला चीर पडते. शौच करताना काच फिरल्यासारखे दुखते, म्हणून शरीर दार मिटून घेते. चीर भरून येते, पण मिटण्याची सवय राहते. लहान मूल एकदा खडा होऊन रडले, की पुढच्या वेळी पाय आवळून शौच रोखते. रोखल्याने मल अधिक कोरडा होतो आणि दुखणे वाढते. काही रुग्णांच्या बाबतीत लहानपणी झालेला लैंगिक अत्याचारही या आवळण्यामागे असतो. शरीराने तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी जे केले, तेच ते करीत राहते. अशा माणसाला दोष न देता हळुवारपणे समजून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग रोखण्याची सक्ती. आपल्या समाजातील किती पिढ्या चाळींत आणि वस्त्यांत वाढल्या, हे सभासदांना वेगळे सांगावयास नको. मुंबईच्या बीडीडी चाळींत मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांना मिळून शौचालये असत. सकाळी हातात टमरेल घेऊन रांग, बाहेरून दारावर थापा, आणि आत बसलेल्याची घाई. गावाकडे भगिनी अंधार पडेपर्यंत थांबत. आजही एखाद्या शाळेतील शौचालयाला कडी नसते, पाणी नसते. मग मुली दिवसभर रोखून धरतात. रोज वेग मारला, की मलाशयाची जाणीव बोथट होते आणि शौचाची ठरावीक वेळ मोडते. याने प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. पण शरीर ज्या क्षणी तयार असते तो क्षण रोज वाया घालवणे, हे कोणाच्याही हिताचे नाही.

या संदर्भात विनयपिटकातील एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. चुल्लवग्गात वच्चकुटीचे, म्हणजे शौचालयाचे नियम दिले आहेत. पूर्वी भिक्खू तेथे ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवे भिक्खू आधी येऊनही ज्येष्ठांसाठी खोळंबत आणि वेग रोखून धरल्याने मूर्च्छा येऊन पडत. ही गोष्ट भगवंतांच्या कानी घालण्यात आली, तेव्हा त्यांनी तेथील ज्येष्ठतेचा क्रम बंद केला आणि जो आधी येईल त्याने आधी जावे, असा नियम घालून दिला. शरीराच्या गरजेपुढे मानमरातब चालत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा नियम विरळाच. त्याच प्रकरणात कण्हत-कुंथत शौच करू नये असेही सांगितले आहे. तो नियम वैद्यकीय हेतूने केला होता असा आमचा दावा नाही. पण आजचे डॉक्टर तेच सांगतात.

ओळखावे कसे, तपासावे कसे

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौच होणे, एवढीच बद्धकोष्ठतेची व्याख्या नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोम ४’ या आंतरराष्ट्रीय निकषांत आणखी पाच गोष्टी आहेत : कुंथावे लागणे, मलाचे खडे होणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, दाराशी अडल्याची भावना, आणि बोटाची मदत घ्यावी लागणे. चारांपैकी एकाहून अधिक वेळा असे घडत असेल आणि सहांपैकी निदान दोन लक्षणे तीन महिने टिकून असतील, तक्रार सुरू होऊनही सहा महिने झाले असतील, तर तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणावे, असा तो निकष आहे. जो रोज शौचास जातो तोही बद्धकोष्ठतेचा रुग्ण असू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने गुदमार्ग तपासतात आणि ‘शौचास बसल्याप्रमाणे जोर लावा’ असे सांगतात. दार सैल होते की बोटाभोवती आवळते, हे अनुभवी हाताला तेथेच कळते. ही तपासणी रुग्णाच्या संमतीनेच व्हावी. स्त्री रुग्णाने सोबत परिचारिका किंवा घरची बाई असावी असा आग्रह धरावा. तो तिचा हक्क आहे. परंतु लाजेपोटी तपासणीच नाकारू नये. बद्धकोष्ठतेमागे लपलेला मलाशयाचा कर्करोगही कधीकधी याच तपासणीत हाताला लागतो.

पुढच्या तपासण्या मोठ्या शहरांतील पोटविकार विभागांत होतात. मलाशयात छोटा फुगा ठेवून त्यात साधारण ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. निरोगी माणूस तो बहुधा एक-दोन मिनिटांत टाकतो. बारीक नळीने स्नायूंचा दाब मोजणाऱ्या तपासणीस मॅनोमेट्री म्हणतात. क्ष-किरण किंवा एमआरआयच्या साह्याने प्रत्यक्ष विसर्जनाचे चित्रही घेता येते. त्यात पिशवी, घडी किंवा घसरण दिसते. आतड्याची गती पाहण्यासाठी क्ष-किरणांत दिसणारी कडी भरलेली कॅप्सूल गिळायला देऊन काही दिवसांनी फोटो काढतात. परक्या जागी, परक्या माणसांसमोर निरोगी माणसाचेही स्नायू आवळले जातात. म्हणून एकाच तपासणीवर निदान न करता दोन तपासण्या जुळतात का ते पाहण्याची पद्धत आहे.

पुढील लक्षणे असल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये : शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, अंगातील रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला नवा बदल, आणि घराण्यात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. ‘मूळव्याधच असेल’ असे म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. तसेच आपण घेत असलेली इतर औषधे डॉक्टरांना दाखवावीत. लोहाच्या गोळ्या, कोडीनसारखी औषधे, रक्तदाबाच्या व मानसिक आजाराच्या काही गोळ्या यांनीही मल अडतो. थायरॉईडची कमतरता आणि मधुमेह हीही कारणे असतात. तपासल्याशिवाय गोळ्या परस्पर बंद मात्र करू नयेत.

उपचार : जोर नव्हे, सैलपणा

आहाराचा उपाय आधी करून पाहावा हे योग्यच आहे; पण त्याची मर्यादा ओळखावी. १९९७ साली जर्मनीत १४९ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या तपासणीत कोणताही बिघाड नव्हता अशांपैकी ८५ टक्क्यांना चोथायुक्त आहाराने गुण आला. परंतु ज्यांना विसर्जनाचा दोष होता, त्यांपैकी ६३ टक्क्यांना आला नाही. दारच मिटलेले असताना मागून गर्दी वाढवून उपयोग होत नाही. म्हणून नियमित भाजी, फळे, डाळी, पाणी घेऊनही महिनोन् महिने तीच अवस्था असेल, तर चूर्ण बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी.

खरा उपचार शिकवणीचा आहे. त्यास बायोफीडबॅक म्हणतात. गुदमार्गात किंवा त्याच्या बाजूला छोटा संवेदक बसवून स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवतात. आपण आवळतो तेव्हा रेघ वर चढते, सोडतो तेव्हा खाली उतरते. ज्या स्नायूंचा आपल्याला पत्ताच नव्हता ते असे डोळ्यांना दिसू लागतात. मग पोटाने दाब देताना ती रेघ खाली कशी ठेवायची, हे प्रशिक्षक शिकवतो. साधारण अर्धा ते एक तासाची एक बैठक, अशा चार ते सहा बैठका आणि घरी रोजचा सराव, असा हा क्रम असतो. इटलीतील डॉ. क्यारिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली १०९ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला पाच आठवडे ही शिकवणी दिली, दुसऱ्याला रेचक. सहा महिन्यांनंतर शिकवणीच्या गटातील ८० टक्के रुग्णांना भरीव गुण आला होता. रेचकाच्या गटातील केवळ २२ टक्क्यांना. हा गुण दोन वर्षांनंतरही टिकून होता.

मुलांच्या बाबतीत मात्र या यंत्राचा तितका लाभ दिसलेला नाही. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने मल मऊ ठेवणारे औषध, जेवणानंतर शौचास बसण्याची सवय आणि न रागावणारे पालक, हेच उपयोगी पडते.

ज्यांच्या गावी असे केंद्र नाही त्यांनीही पुढील गोष्टी कराव्यात. न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत, भावना होताच जावे; ती पुढे ढकलू नये. उकिडवे बसणे हिताचे आहे. जपानमध्ये २०१० साली सहा निरोगी व्यक्तींवर केलेल्या मोजणीत खुर्चीवजा बैठकीत तो कोन सुमारे १०० अंश होता, तर उकिडव्या बैठकीत १२६ अंशांपर्यंत उलगडला. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल किंवा पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा वर ठेवावेत, कोपरे मांड्यांवर टेकून किंचित पुढे वाकावे. लोंबकळते पाय ठेवून बसू नये. मात्र आपल्याकडे आयुष्यभर उकिडवे बसणाऱ्यांनाही हा आजार होतो, तेव्हा बैठक हा उपायाचा एक भाग समजावा.

बसल्यावर श्वास कोंडून, चेहरा लाल करून कुंथू नये. पोटात सावकाश श्वास घ्यावा. श्वास घेताना श्वासपटल खाली येते आणि ओटीपोटाचा तळही किंचित खाली सैलावतो, ही निसर्गाची सोय आहे. जबडा आणि खांदे सैल सोडावेत. मग पोट आणि कमरेचा घेर रुंद करीत हलकेच दाब द्यावा आणि दार सुटत आहे इकडे लक्ष ठेवावे. दहा मिनिटांत झाले नाही, तर उठून यावे. पुन्हा भावना होईल तेव्हा जावे. मोबाईल बाहेर ठेवावा. विहारात आनापान करणाऱ्यांना श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव असतोच, त्यांना ही रीत लवकर साधेल. पण ध्यान हा या आजारावरचा उपचार आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. गुदद्वार आवळण्याचे व्यायाम हल्ली सर्वत्र सुचवले जातात. लघवी सुटण्याच्या तक्रारीवर ते गुणकारी आहेत; परंतु ज्याचे स्नायू आधीच सुटत नाहीत, त्याने सोडण्याची शिकवणी न घेता केवळ आवळण्याचा सराव करणे योग्य नाही. दुसरे, शस्त्रक्रियेची घाई करू नये. पूर्वी हा गोफणीचा स्नायू छेदून पाहिला गेला. गुण थोडा आला आणि शौच न थांबण्याचा धोका मात्र पदरी पडला. मलाशयाची लहानशी पिशवी पुष्कळ स्त्रियांत काही त्रास न देताही असते. मलाशय बाहेर येत असेल, पिशवी मोठी असून तीत मल अडकत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तत्पूर्वी स्नायूंची जुळणी तपासली आहे का, हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावे. मूळव्याधीची शस्त्रक्रिया झाली आणि कुंथणे तसेच राहिले, तर त्रास परत येण्यास वाट मोकळीच राहते.

संस्थेने आणि विद्यार्थ्यांनी काय करावे

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण पदव्यांपुरता मर्यादित ठेवू नये. आपल्या शरीराचे ज्ञान हेही शिक्षणच आहे. संस्थेच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तेथेच एखाद्या महिला डॉक्टरांनी भगिनींशी स्वतंत्र खोलीत या विषयावर अर्धा तास बोलावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या वस्तीतील आणि मुलांच्या शाळेतील शौचालयाला कडी, दिवा आणि पाणी आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे आणि नसल्यास पाठपुरावा करावा. घरात वृद्ध आई-वडिलांना ‘किती वेळ लावता’ असे दारावर थाप मारून विचारू नये.

आपले अनेक विद्यार्थी आज वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमांत आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची शिकवणी देणारी माणसे आपल्याकडे अजून फार थोडी आहेत, आणि रुग्णाच्या बोलीत, त्याचा संकोच ओळखून बोलणारी त्याहूनही थोडी. या कामाला मोठ्या भांडवलाची गरज नाही. ज्ञान, धीर आणि करुणा हवी. जो विद्यार्थी हे क्षेत्र निवडील, त्याच्याकडे येणारी माणसे कित्येक वर्षांनी प्रथमच कोणाशी तरी हे बोलत असतील. त्यांचे पूर्ण ऐकून घेणे हीच उपचाराची सुरुवात असेल.

आणि ज्या वाचकाला हे वाचताना स्वतःचीच हकीकत आठवली असेल, त्याने किंवा तिने या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावर थांबू नये. ‘भावना होते, पण दाराशी अडते’ हे वाक्य स्पष्ट उच्चारावे. निदानाची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते.

जयभीम.